पेला धरल्यासारखा हात

मनगटाइतका भिडस्त अवयव माणसाच्या अंगात दुसरा नाही, असं धाकट्याचं मत होतं. ते त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण तो स्वतःही भिडस्तच होता. खांद्याला रुबाब असतो, कोपराला टोक असतं, बोटांच्या नशिबी अंगठ्या असतात. मनगटाच्या वाट्याला फार तर घड्याळ येतं, आणि लोक तेव्हाही घड्याळच पाहतात. आठ लहान हाडं तिथे एकमेकांना खेटून, शेजाऱ्याला त्रास होऊ नये अशा बेताने राहतात, आणि त्यांतलं एखादं मोडेपर्यंत त्यांची कोणी चौकशी करत नाही.

मोडलं की ती धाकट्याकडे येत. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरणांच्या खोलीला लागून, प्लास्टरची खोली होती आणि तिथे तो अकरा वर्षं काम करत होता. डॉक्टर चिठ्ठीवर दोन ओळी खरडत. धाकटा कापूस गुंडाळी, पट्ट्या कोमट पाण्यात बुडवून पिळी, आणि हातावर हात फिरवत त्या बसवी. पहिल्या दिवशी त्याच्या म्हाताऱ्या वरिष्ठाने त्याला कामाचं एकच सूत्र सांगितलं होतं. "हात पेला धरल्यासारखा ठेवायचा. सहा आठवडे आखडला तरी माणूस निदान पाणी पिऊ शकला पाहिजे." त्यासाठी खोलीत स्टीलचा एक पेला कायम ठेवलेला असे. रुग्णाच्या हातात तो द्यायचा, त्याभोवतीचा हात जसा राहील तसा प्लास्टरमध्ये बंद करायचा, आणि शेवटी पेला काढून घ्यायचा. अकरा वर्षांत धाकट्याने हजारो लोकांना तो पेला दिला. त्यातून पाणी मात्र कधी कोणी प्यायलं नाही.

त्या दुपारी दार ढकलून आत आला तो त्याचा थोरला भाऊ. उजव्या हातात बेसबॉलची बॅट, डावा हात पोटाशी धरलेला, आणि चेहऱ्यावर, हे सगळं दुसऱ्या कोणाचं तरी दुखणं असावं असा भाव.

"बाळ्या, काही विशेष नाही," दादा म्हणाला. "जरा पट्टी मार."

"चिठ्ठी?"

"आहे. डॉक्टर म्हणतात हाड मोडलंय. त्यांचंही बरोबर असेल."

क्ष-किरणांच्या चित्रात ते स्पष्ट दिसत होतं. करंगळीच्या खाली, तळहाताच्या टाचेपाशी, आकड्यासारखं वळलेलं एक छोटं हाड असतं. बॅटच्या खालच्या टोकाला जी गाठ असते ती बरोबर तिथे टेकते. पूर्ण ताकदीने बॅट फिरवताना ती गाठ त्या हाडावर आपटते, आणि हजार वेळा सोसल्यावर ते हाड एके दिवशी तुटतं. हे दुखणं बाकी कोणाला फारसं होत नाही. दादाला झालं, ते एकोणचाळिसाव्या वर्षी आणि निवडचाचणीला आठ आठवडे उरले असताना.

चाचणीची गोष्ट घरातल्या भिंतींनाही पाठ होती. दादा ट्रामच्या आगारात चाकं बसवण्याचं काम करी आणि आगाराच्या संघात वीस वर्षं खेळत होता. संघाचा कप्तान आगारातला ब्रेक-तपासनीस होता आणि माणसांकडेही तो, हा वेळेवर थांबेल का, अशाच नजरेने पाही. त्याने यंदा जाहीर केलं होतं की पस्तिशीपुढच्या प्रत्येक गड्याला दहा चेंडू टाकले जातील. त्यांतला एक तरी कुंपणापलीकडे गेला तर तो संघात राहील. नाही तर त्याने गुणफलकावर आकडे टांगायचे. गुणफलक मैदानाच्या एका टोकाला, अवजारांच्या पत्र्याच्या खोलीवर होता, फटका मारणाऱ्याच्या थेट पाठीमागे. तिथे बसलेल्या माणसाला खेळाडूंची फक्त पाठ दिसे.

आणि दादाने वीस वर्षांत एकही चेंडू कुंपणापलीकडे घातला नव्हता. त्याच्या अंगात बळ कमी होतं असं नाही. चाकाचे जे बोल्ट दोघांना हलत नसत ते तो एकटा सोडवी. पण त्याचा प्रत्येक फटका जमिनीला धरून, गवत कापत, सुसाट जाई आणि कोणाच्या तरी हातात सापडे. संघात त्याला सगळे जमीनदार म्हणत.

असं का होतं, ते जगात एकट्या धाकट्याला माहीत होतं.

वीस वर्षं तो दादाचा प्रत्येक सामना पाहत आला होता. त्याची जागाही ठरलेली. कुंपणाबाहेर, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, चेंडू फेकणाऱ्याच्या बरोबर मागे एक लाकडी बाक होता. तिथे दुसरं कोणी बसत नसे, कारण तिथून काहीच दिसत नसे. धाकटा दुर्बीण घेऊन बसे. दुर्बिणीत त्याला दादा पूर्ण दिसत नसे. फक्त हात दिसत. जोरकस फटका म्हणजे काय ते त्याने तिथे बसून, एका वहीत टिपणं काढत, स्वतःचं स्वतः शिकून घेतलं होतं. आधी कंबर वळते. मग खांदा. मागचा कोपर बरगडीला चिकटून खाली उतरतो, पुढचा हात वाट काढतो, आणि बॅट मात्र मागे रेंगाळते. घरातून सगळे निघाले तरी चप्पल शोधत राहिलेल्या माणसासारखी. मनगटं अजून गप्प असतात. त्यांनी गप्पच राहायचं असतं. चेंडू बॅटला भेटतो त्या क्षणी मुठीवरच्या दोन हातांपैकी वरच्याचा तळवा आकाशाकडे आणि खालच्याचा जमिनीकडे असला पाहिजे. चेंडू निघून गेला की मग मनगटांनी हवं तसं फिरावं.

दादाची मनगटं आधी फिरत. पापणी लवायला लागतो त्याच्याही निम्म्या वेळाने आधी. वरचा हात खालच्यावर उलटा पडे, बॅट चेंडूच्या डोक्यावरून घसरे, आणि एवढं सगळं बळ जमिनीत जाई.

हे धाकट्याला चौथ्या सामन्यातच दिसलं होतं. सांगायला त्याच्याजवळ वीस वर्षं होती. त्याने तोंडातून ब्र काढला नाही. थोरल्या भावाला कसं सांगावं? ज्याने सायकल शिकवली, ज्याने शाळेत दोनदा आपल्या वतीने मार खाल्ला, त्याला जेवताना म्हणायचं, दादा, जरा आमटी वाढ, आणि तुझी मनगटं चुकतात? धाकटा मिठाची गुळणी धरून बसला. बोलायचं मनात आलं की तो डाव्या भुवईवरची जुनी खूण चोळी. तिथे केस उगवत नसत. चोळून झालं की विचार ओसरे.

आता ते मनगट त्याच्यासमोर टेबलावर पडलं होतं. डावं, खालच्या हाताचं.

"डॉक्टर काय म्हणाले? किती दिवस?" त्याने विचारलं.

"सहा आठवडे. म्हणजे चाचणीच्या आधी दोन आठवडे मिळतात. पुरे झाले."

"बॅट खाली ठेव."

"असू दे ना. हातात बरी वाटते."

पेला शेल्फवर होता. धाकट्याने हात लांब केला, आणि पुढे जे झालं त्याचं स्पष्टीकरण त्याला नंतर स्वतःलाही धड देता आलं नाही. त्याने पेला घेतलाच नाही. त्याने दादाच्या उजव्या हातातली बॅट घेतली, तिची मूठ दादाच्या डाव्या हातात हलकेच ठेवली, आणि मनगट अंगठ्याच्या बाजूला थोडं उचललेलं, हाताच्या पाठीकडून सपाट, न फिरलेलं असं धरलं. चेंडू भेटण्याच्या क्षणी ते जसं असायला हवं होतं, अगदी तसं. मग त्याने पट्ट्या गुंडाळल्या, कोपराच्या वरपर्यंत. प्लास्टर गरम होऊ लागलं, आणि वीस वर्षं न बोललेलं वाक्य त्याच्या बोटांखाली हळूहळू घट्ट झालं.

"हे जरा वाकडं नाही वाटत?" दादा म्हणाला.

"सुरुवातीला वाटतं."

"तुला कळतं बाबा. हातच्या कामात तू पक्का." दादाने दुसऱ्या हाताने त्याची पाठ थोपटली. धाकट्याने भुवई चोळली. भुवईला प्लास्टर लागलं.

*

घरात सहा आठवडे त्या हाताचंच राज्य होतं. दोघं भाऊ, वहिनी आणि आई असं चार माणसांचं घर. जेवणाचं टेबल तिघांना पुरेल एवढं. वाकडा हात त्यावर ठेवला की आईने खुर्ची सरकवून भिंतीला लागून बसायचं.

"हा हात आहे की किटली?" वहिनी म्हणाली. "कोणाच्या तरी कपात ओतायला निघाल्यासारखा दिसतो."

"भाऊ डॉक्टर असल्यावर बोलायचं नसतं," दादा म्हणाला.

"डॉक्टर नाहीत हो ते. काय भावोजी, खरं सांगा, असंच घालतात?"

"निरनिराळं असतं," धाकटा ताटात पाहत म्हणाला.

"लहानपणी हा जिन्यावरून पडला," आई भिंतीकडून म्हणाली, "भुवईला तीन टाके पडले, तर रडलासुद्धा नाही. आणि थोरला मात्र आठ दिवस रडत होता. मला अजून कळलं नाही."

दादाने पाण्याचा तांब्या उगाचच हलवला.

सातव्या आठवड्याच्या सोमवारी धाकट्याने करवतीने प्लास्टर कापलं. आतून फिकट, बारीक झालेला, वर्षानुवर्षं कपाटात राहिलेल्या शर्टासारखा हात निघाला. मनगट हलेना. दादाने सवयीने बॅट उचलली. डावा हात मुठीवर असा बसला होता की जणू बॅट त्याच्यासाठी आणि तो बॅटसाठी घडवलेला. दादाने सावकाश, हवेत, अर्धा फटका मारून पाहिला. मनगट फिरलं नाही. त्याला फिरताच येत नव्हतं.

"गंमत आहे," दादा म्हणाला. "हलकं वाटतं."

त्या रात्री जेवताना दादाने डाव्या हाताने पेला उचलला आणि सगळं पाणी आईच्या ताटात ओतलं. दुसऱ्यांदा पेला उचलला तेव्हा ते वहिनीच्या मांडीवर गेलं. तिसऱ्यांदा त्याने पेला टेबलावरच ठेवून त्याला तोंड लावलं.

"सुरुवातीला होतं असं," तो सगळ्यांना म्हणाला. धाकट्याने फडकं आणून टेबल पुसलं.

*

व्यायामोपचाराच्या बाई दुसऱ्या मजल्यावर बसत. आवाज लहान, केस पांढरे, आणि त्यांच्यापुढे शल्यचिकित्सकसुद्धा खुर्चीत ताठ बसत. बुधवारी त्यांनी धाकट्याला वर बोलावलं. टेबलावर एक पेला होता.

"हे प्लास्टर कोणी घातलं?"

"मी."

"अकरा वर्षांत तुमचं एकही मनगट माझ्याकडे वाकडं आलं नाही. हे चौदा अंश वाकडं आहे. मी मोजलंय. पेला हरवला होता का?"

"नाही."

"मग?"

धाकट्याने मग सगळं सांगितलं. कंबर, खांदा, बरगडीला चिकटलेला कोपर, रेंगाळणारी बॅट. तो आयुष्यात इतका वेळ सलग कधीच बोलला नव्हता. शेवटी शेवटी त्याचा आवाज बसला.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "जे तोंडाने सांगता आलं नाही ते तुम्ही भावाच्या हाडात लिहिलंत."

"चाचणी अजून बारा दिवसांवर आहे. तोवर आखडलेलं राहिलं तर..."

"तर ते कायमचं आखडेल, आणि ट्रामची चाकं तुम्ही बसवायला जाल. मी व्यायाम दिलेत. ओला टॉवेल पिळायचा, दिवसातून दहा वेळा. तुमचे भाऊ गुणी आहेत, पंधरा वेळा पिळतात. आठ दिवसांत मनगट पूर्ण मोकळं होईल. त्याच्या जुन्या खोडीसकट." त्यांनी पेला धाकट्याच्या हातात दिला. "हा खाली घेऊन जा, तुमचाच आहे. आणि आज संध्याकाळपर्यंत भावाला सांगा. नाही तर उद्या मी सांगेन, आणि मला चांगल्या शब्दांत सांगता येत नाही."

*

संध्याकाळी दादा घरामागच्या नळापाशी टॉवेल पिळत बसला होता. बादली अर्धी भरली होती. धाकटा दारात उभा राहिला, आत गेला, परत आला. तिसऱ्या खेपेला दादाच म्हणाला, "बोल एकदाचं. दार झिजेल."

"दादा, तुझं प्लास्टर मी चुकीचं घातलं. मुद्दाम."

दादा टॉवेल पिळत राहिला. "वाटलंच मला. पेला नव्हता दिलास. शेल्फवर होता तसाच राहिला. बाकी सगळ्यांना देतोस."

"तुझी मनगटं आधी फिरतात. चेंडू लागायच्या आधी. म्हणून फटका जमिनीत जातो. वीस वर्षं जातोय. मला चौथ्या सामन्यात कळलं होतं. मी सांगितलं नाही."

तो म्हणाला, आणि ते एवढंसंच होतं. वीस वर्षं वाहिलेलं ओझं जमिनीवर ठेवलं तर त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

दादाने टॉवेल झटकला. "मला माहीत आहे, बाळ्या."

"काय माहीत आहे?"

"फिरतात ते. मीच फिरवतो. म्हणजे आधी फिरवायचो, आता आपोआप फिरतात." त्याने धाकट्याच्या भुवईकडे बोट केलं. "हे कशाने झालं?"

"जिन्यावरून पडलो."

"ते आईसाठी. तुला खरंच आठवत नाही?"

धाकट्याला जिना आठवत होता. इतक्या वेळा ऐकला होता की त्याच्या पायऱ्यासुद्धा मोजलेल्या होत्या.

"तू नऊ वर्षांचा होतास," दादा म्हणाला. "गल्लीत खेळत होतो. मी मारायचो, तू समोर उभा राहून अडवायचास. एक फटका बसला. काय बसला म्हणून सांगू! हाताला चेंडू लागलाय हे कळलंसुद्धा नाही, इतका हलका. तो सरळ गेला आणि तुझ्या तोंडावर. तू आडवा. रक्त. मला वाटलं, संपलास. तुला उचलून आणलं, आईला म्हटलं जिन्यावरून पडला. तू शुद्धीवर आल्यावर तुलाही तेच सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात तू परत समोर येऊन उभा. म्हणालास, दादा, मार." त्याने नळ बंद केला. "मग मी खाली मारायला लागलो. जमिनीवरून. पायाला लागलं तर लागलं."

"पण गल्ली सुटून किती वर्षं झाली."

"गल्ली सुटली. तू कुठे सुटलास? पहिल्या सामन्याला बॅट घेऊन उभा राहतो, समोर बघतो, तर तू. थेट समोर! कुंपणाच्या बाहेर असशील, पण समोरच ना. दुर्बिणीची काच चमकते तुझ्या. फेकणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटला की त्याच्या मागे तू दिसतोस. मग मनगटाला कोण विचारतं?"

धाकटा नळाजवळच्या दगडावर बसला. ज्या दुखण्याचं निदान तो वीस वर्षं काढत होता, त्या दुखण्याचं कारण दुर्बीण घेऊन दर सामन्याला त्याच बाकावर बसत होतं. वहीत त्याने फटक्यांच्या आकृत्या काढल्या होत्या, कोन लिहिले होते, वाऱ्याची दिशासुद्धा लिहिली होती. आपण कुठे बसलो आहोत ते एकदाही लिहिलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस? उठ तिथून म्हणून?"

"तू एवढा येतोस," दादा म्हणाला, "कसं सांगायचं?"

बादलीतल्या पाण्यावर संध्याकाळ निवांत पडली होती. मग आतून वहिनीचा आवाज आला, की टॉवेल पिळून झाला असेल तर तो अंग पुसायला मिळेल का.

*

चाचणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, दोघं रिकाम्या मैदानावर गेले. कारण कळलं म्हणजे रोग गेला, असं दोघांनाही वाटत होतं. हा गैरसमज रुग्णालयात काम करणाऱ्यालाही होऊ शकतो. धाकटा वीस पावलांवर, खेळाडूंचा एक बाक आडवा करून त्याच्या मागे बसला आणि तिथून हळू चेंडू टाकू लागला. दादाने वीस फटके मारले. वीसही जमिनीवरून गेले. त्यांतल्या शेवटच्याने बाकाला नम्रपणे स्पर्श केला.

"आता तर मला कळतंय तरी फिरतात," दादा म्हणाला. "मला जास्तच दिसायला लागलास तू."

"मनगट मोकळं झालं का?"

दादाने गोल फिरवून दाखवलं. ते लोण्यासारखं फिरलं. धाकट्याच्या चौदा अंशांचा मागमूस उरला नव्हता.

"बाळ्या," दादा बॅट खांद्यावर टाकत म्हणाला, "उद्या तू येऊ नकोस."

वीस वर्षांत असं तो प्रथमच म्हणाला होता. धाकट्याने मान हलवली. चेंडू गोळा करून पिशवीत भरायला त्याने जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला.

*

तरी तो गेला. न जाणं त्याच्या हातात नव्हतं. पण समोर न बसणं होतं. तो मैदानाला लांबून वळसा घालून अवजारांच्या खोलीच्या मागे आला आणि पत्र्याला पाठ लावून, मैदानाकडे पाठ करून, एका उलट्या बादलीवर बसला. त्याच्या पुढ्यात गवताचा ढीग आणि एक मोडकी ढकलगाडी होती. दुर्बीण त्याने घरीच ठेवली होती.

पत्र्यापलीकडून कप्तानाचा आवाज आला. "जमीनदार, दहा चेंडू. मोजणार मी."

"मोज."

पहिला आवाज झाला. थप्प, आणि लगेच गवतातून सरपटत गेल्याची सळसळ. धाकट्याला पाहायची गरजच नव्हती. वरचा हात खालच्यावर पडला होता.

"एक!"

दुसरा तसाच. तिसरा तसाच. बाजूला बसलेले गडी रंगात आले.

"जमीनदार, अजून किती जमीन घेणार?"

"पुरे की रे, आम्हाला चालायला राहू दे थोडी!"

"गुणफलकाची शिडी पुसून ठेवलीय हं!"

सहावा गेला. सातवाही. धाकट्याला कळेना. समोरचा बाक रिकामा होता. मग हे का? आणि मग दादाचा आवाज आला, कप्तानाला विचारणारा, जरा दबका. "माझा भाऊ दिसतोय का कुठे तिकडे? कुंपणाजवळ? झाडाखाली?"

"भाऊ कशाला हवाय? चेंडू बघ."

"नाही, येऊ नको म्हटलंय, पण तो येणार. कुठे उभा आहे कळलं तर बरं."

आठवा चेंडू सरपटत गेला. धाकट्याने डोळे मिटले. तो लपला होता, म्हणजे दादाच्या दृष्टीने आता तो सगळीकडे होता. वीस वर्षं एका बाकावर होता, तेव्हा निदान त्याचा पत्ता तरी ठाऊक होता.

ओरडायला हवं होतं. पत्र्यापलीकडे तीस माणसं होती. धाकट्याने आयुष्यात तीस माणसांसमोर शिंकही मोकळी दिली नव्हती. त्याचा हात भुवईकडे गेला. बोट खुणेवर टेकलं, आणि या खेपेला त्याने ते चोळलं नाही. नववा चेंडू गेला. कप्तान म्हणाला, "नऊ."

"दादा!" धाकटा ओरडला. आवाज फाटला, पत्रा थरथरला, गवतातून एक मांजर उठून निघून गेलं. "मी इथं आहे! तुझ्या मागे! खोलीच्या मागे! मला काही दिसत नाही! तू मार!"

मैदान चिडीचूप झालं. मग कोणीतरी फिसकन हसलं. कप्तान म्हणाला, "हे काय प्रकरण आहे?" आणि दादा, वेगळ्याच, मोकळ्या आवाजात, म्हणाला, "काही नाही. टाक."

धाकटा ऐकत राहिला. फेकणाऱ्याचा पाय घासल्याचा आवाज. मग जी शांतता असते ती. त्या शांततेत त्याने कंबर वळताना ऐकली, खांदा ऐकला, बरगडीला टेकणारा कोपर ऐकला. हे सगळं ऐकू येत नसतं हे त्याला माहीत होतं. मग तो आवाज झाला. थप्प नव्हे. लहान, कोरडा, स्वच्छ. सुकं लाकूड एका घावात दुभंगावं तसा. आणि त्याच्यामागून गवताची सळसळ आलीच नाही. काहीच आलं नाही. एवढा वेळ काहीच आलं नाही, की धाकट्याला वाटलं आपले कान गेले.

फार दूर, मैदानाच्या पार टोकाला, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा एक ठोका पडला. तिकडे लाकडाची एकच वस्तू होती.

आरडाओरडा झाला तेव्हा धाकटा बादलीवरच बसून होता. थोड्या वेळाने दादा खोलीला वळसा घालून आला. त्याच्या हातात बॅट नव्हती. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले, मग दोघांनीही ढकलगाडीकडे पाहिलं.

"पाहिलंस?" दादा म्हणाला.

"नाही."

"बरं झालं." तो शेजारी गवतावर टेकला. "तुझ्या बाकावर पडला. मधोमध. खाच पडलीय."

"ऐकलं मी."

"लागलेलं कळलंसुद्धा नाही रे. इतका हलका." त्याने डावं मनगट उघडलं, मिटलं. "त्या दिवशीसारखा."

मागोमाग कप्तान आला, वही काखेत मारून. त्याने धाकट्याला वरपासून खालपर्यंत, ब्रेक तपासावेत तसा तपासला.

"ओरडणारे तुम्हीच?"

धाकट्याने मान खाली घातली.

"आवाज चांगला आहे. गुणफलकाला माणूस पाहिजेच होता, जमीनदार तर निसटले. आकडे टांगायचे आणि मोठ्याने सांगायचे. प्रत्येक सामना. जमेल?"

धाकट्याने वर पाहिलं. शिडी खरंच पुसून ठेवलेली होती. तिथून फटका मारणाऱ्याची फक्त पाठ दिसणार होती. मनगटं एकदाही नाही.

"घे रे," दादा म्हणाला. "मागे असशील तर मला बरं."

घरी जाताना धाकट्याने वाटेतल्या दुकानातून नवी वही घेतली. पाठीचा त्याचा काहीच अभ्यास नव्हता. जुन्या वहीत शेवटच्या पानावर आजचा, न पाहिलेला फटका लिहायचा राहिला होता. त्याची जागा त्याने कोरी ठेवली, आणि खाली फक्त वाऱ्याची दिशा लिहिली.